आपल्या लोकांत असलं काही नसतं

"आपल्या लोकांत असलं काही नसतं," असं म्हणून साहेब पेनाला टोपण लावत. टोपण लागलं की विषय संपला.

साहेब म्हणजे जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या एका इस्पितळात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर संशोधन करणारे डॉक्टर. मूळचे सांगलीकडचे, पण ते कुणी काढलेलं त्यांना खपत नसे. दहा-बारा वर्षांपूर्वी माझा नवरा तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात होता आणि मी साहेबांकडे कारकुनी करत होते. त्यांनी भरलेले फॉर्म संगणकात चढवायचे, एवढंच माझं काम. तीन वर्षं या गृहस्थांना समोर बसून बघितलं आहे.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. गणपतीला कुणी मराठीतून "कसे आहात?" विचारलं तर साहेब जर्मनमध्येच "या या, आल्लेस गूट", म्हणजे हो हो, सगळं ठीक, म्हणून मान फिरवत. आमच्या विभागप्रमुख बाई त्यांना 'आमचे भारताचे जाणकार' म्हणायच्या, तेवढ्यावर स्वारी आठवडाभर फुगलेली असे. बाळांवर तासभर व्याख्यान द्यायचे. बाळाला हात लावताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही. मला त्यांचा मनापासून तिटकारा होता.

फॉर्मवर एक प्रश्न असे: दुधाखेरीज बाळाला आणखी काही देता का? भारतीय कुटुंबांकडे तो विचारायला साहेब स्वतः जात, भाषा येते म्हणून. दोन मिनिटांत परत.

एकदा बारा दिवसांचं एक मराठी बाळ आलं. अंगात ताप, दूध ओढेना. रक्तात जंतू सापडले, औषधं दिली, बरं होऊन घरी गेलं. आठवड्यात तेच जंतू घेऊन परत आलं, आणि या वेळी काचेच्या पेटीत नुसतं निपचित पडलेलं. हे येतंय कुठून, असं बाई रोज विचारत होत्या. साहेब म्हणाले, घर स्वच्छ आहे, माणसं शिकलेली आहेत.

बाळाची आजी साताऱ्याहून आली होती. ती बाहेर बाकावर बसून असायची. मी तिला चहा नेऊन दिला.

"आजी, बाळाला काही चाटवत होता का हो?"

"गुटी गं. दोन-दोन वेढे. सहाण येताना बॅगेतून आणलीय, माझ्या सासूबाईंची आहे."

"आणि हे डॉक्टरांना नाही सांगितलंत?"

"त्यांनी मला विचारलंच नाही. माझ्या लेकाशी जर्मनमध्ये काय ते बोलले आणि गेले. मला वाटलं, आपल्याकडचेच आहेत, त्यांना ठाऊक असणार."

मी उठले ती थेट बाईंच्या खोलीत. सहाण मागवून तपासली, तिच्या खाचेत तेच जंतू निघाले. गुटी बंद झाली आणि बाळ वाचलं.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. "हे आधी माझ्याकडे आणायचंत. आल्झो, म्हणजे आता या जर्मनांना वाटणार, आपण अडाणी."

"बाळ वाचलं, साहेब."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण इंप्रेशनचं काय?"

पुढच्याच महिन्यात एका परिषदेत त्यांनी भाषण ठोकलं. मातृभाषेत विचारलं की आजी मोकळेपणाने बोलतात, असं त्यांनी पडद्यावर सहाणेचं चित्र दाखवून सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या भाषणावर त्यांना दुसऱ्या शहरात मोठी जागा मिळाली.

ते गेल्यावर बाईंनी मला भारतीय कुटुंबांचे जुने फॉर्म काढायला सांगितले. सगळ्यांवर त्या एका प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण होती. हे सगळे 'नाही' संगणकात मीच चढवले होते. माझ्या स्वतःच्या मुलीला माझ्या आईने सहा महिने गुटी दिली होती. आपल्या आज्या विमानातून काय आणतात, हे मला पक्कं माहीत होतं. त्या खुणा बघून मला हसू यायचं आणि घरी नवऱ्यापुढे मी साहेबांची नक्कल करायची. उठून कुणाला विचारावं, हे त्या बाळापर्यंत एकदाही सुचलं नाही.

बाईंच्या सांगण्यावरून मी एकेकाला फोन करायला बसले. पहिलाच फोन एका आईने घेतला. मी प्रश्न विचारला.

"हो, देत होतो की," ती म्हणाली. "घरी आणल्यावर पंधरा दिवसांत त्याला पुन्हा ताप आला. नाही राहिला तो. तेव्हा नाही विचारलंत, मग आता कशाला विचारताय?"