आमच्या शाळेतली वासबंदी

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोनच गोष्टी साठतात: न तपासलेल्या वह्या आणि किस्से. वह्या कधी ना कधी तपासाव्याच लागतात. किस्से तसेच पडून राहतात, म्हणून म्हटलं, आज सांगूनच टाकावेत.

आमच्या नाशिकच्या शाळेत वासबंदी आली ती विज्ञानाच्या वैशाली मॅडममुळे. त्यांना दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "वासांमुळेच तसं झालं असं मी म्हणत नाही. पण रूम फ्रेशनर, परफ्यूम, कपड्यांचं कंडिशनर, यातली काही रसायनं हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतात. टाळता येईल तेवढं टाळा."

हे मॅडमनी आम्हाला स्टाफरूममध्ये सांगितलं. आम्ही त्याच दिवशी वासबंदी जाहीर केली. आणि त्या दिवसापासून कोणाचा कोणावर विश्वास राहिला नाही!

*

मॅडमनी लॅबमधलं भिंग आणून फ्रेशनरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. सगळी लांबलचक नावं, आणि शेवटी एकच शब्द: सुगंध.

"या सुगंधात काय काय असतं?" हेडसरांनी विचारलं.

"तेच तर लिहीत नाहीत सर."

मी वीस वर्षं मराठी शिकवतोय. पोरं येत नाही ते सगळं 'इत्यादी'त दडवतात, आणि मी मार्क कापतो. मी लाल पेन काढलं, डब्यावरच्या 'सुगंध'ला गोल केला आणि बाजूला लिहिलं, "सविस्तर लिहा!"

*

दुसऱ्या दिवशी हेडसर नवा डबा घेऊन आले. "हा हर्बल आहे. बघा, वर पान आहे."

आमचे शिपाई दगडूमामा चांदवडचे, घरी कांद्याची शेती. त्यांनी डबा फिरवून फिरवून पाहिला.

"सर, पान छापलंय. आत घातलंय असं कुठं लिव्हलंय?"

*

मामांचं नाक तिखट, म्हणून त्यांना दारातच उभं केलं. पहिल्याच सकाळी त्यांनी हेडसरांना अडवलं.

"अरे मामा, मी हेडमास्तर आहे!"

"हाय ना सर. पर शर्टाचा वास लय लांबून येतोय."

ते कंडिशनर निघालं. सरांनी घरी जाऊन सांगितलं, उद्यापासून माझे कपडे साध्या पावडरनं धू. दुसऱ्या दिवशी सर आले ते तोंड पाडूनच.

"काय झालं सर?"

"ही विचारते, शाळेत तुमच्या शर्टाचा वास घेतं कोण?"

*

पुढच्या महिन्यात एकदा स्टाफरूमभर मोगरा! कोणीतरी बंदी मोडली होती. पर्सेस उघडल्या, कपाटं उघडली, माझ्या डब्यातली भाजीसुद्धा हुंगली गेली. शेवटी इतिहासाच्या शिंदे मॅडम चिडून उठल्या. वणीहून त्यांच्या आईनं गजरा पाठवला होता, तो अंबाड्यात होता.

"खरी फुलं आहेत हो!"

हेडसरांनी मान पुढे करून वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या.

"मला शंका आहे. मोगऱ्यासारखा येत नाहीये!"

*

मॅडमना मुलगी झाली. आम्ही सगळे किती दिवस धास्तावलेले होतो, ते पेढे हातात आल्यावर कळलं. सव्वा महिना झाल्यावर त्या बाळाला घेऊन शाळेत आल्या. आम्ही बिनवासाच्या साबणानं हात धुऊन रांगेत उभे!

मामा दारातच होते. सवयीनं त्यांनी बाळाच्या जावळाशी नाक नेलं आणि एकदम थांबले.

"मॅडम, काय लावलंय हिला?"

"काही नाही मामा. पावडर नाही, तेल नाही. कोमट पाण्यानं अंघोळ, बस्स."

मामांनी परत वास घेतला. मग हेडसरांनी घेतला. मग बाळाला हातात घेऊन मी.

मामांनी माझ्या हातातून बाळाला हळूच काढून घेतलं, डोळे मिटून तिसऱ्यांदा जावळावर नाक टेकवलं.

"लय खोटं बोलता मॅडम!"