बायनाबाईचा कागद

पोंभुर्ण्याच्या जंगलाकडचा आमचा दवाखाना. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तिथे बायनाबाई शहात्तर सालापासून सफाईला होती. फरशी पुसायची म्हणजे उकिडवं बसून ओलं पोतं दोन्ही हातांनी रेटत मागे सरकायचं. नळ नव्हता, विहिरीवरून पाणीही तीच आणायची. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात बाळंतिणीच्या खोलीतली भरलेली बादली घेऊन पायऱ्या उतरताना तिचा पाय घसरला. बादली तिनं सांडू दिली नाही. कंबर मात्र जी धरली ती सुटलीच नाही.

मी तिथला कंपाउंडर. आमच्याकडे एक रीत होती, स्टाफचा केसपेपर काढायचा नाही. रांग आणि खिडकी परक्यांसाठी. बायनाबाई दाराशी आली की मी पुडीत चार गोळ्या बांधून द्यायचो. तिलाही त्याचा अभिमान.

"मी का पेशंट आहो, भाऊ? मी तं घरचीच," म्हणायची.

सत्त्याऐंशीत तिला खाली बसलं की उठता येईना. वॉर्डात पट्ट्यांच्या घड्या करण्याचं बसून करायचं काम रिकामं झालं होतं, ते तिनं मागितलं. हेडक्लार्क वामनराव म्हणाले, "दुखणं कामावरचं आहे याचा कागद आणा, बाई." रजिस्टर चाळलं. चार वर्षांत तिच्या नावाची एकही नोंद नाही. सरकारदरबारी बाई ठणठणीत! तिला रोज भिंत धरून चालताना पाहणारा माणूस पुरावा मागत होता, याची मला अजून चीड येते.

ती माझ्याकडे आली. "भाऊ, गोळ्या तुमीच देत होते. दोन ओळी लिहून द्या ना. मी काई खोटं बोलून राह्यली का?"

खोटं काहीच नव्हतं. पण केसपेपरशिवाय औषध दिलं असं लिहिलं, तर चौकशी माझी लागणार होती. मी म्हणालो, "पाहतो, बाई."

"राहू द्या, भाऊ. तुमचं काऊन बिघडवू?" म्हणाली आणि पोतं उचलून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिनाभरानं ती यायची बंद झाली. वामनरावांनी लिहिलं, 'स्वखुशीने काम सोडले.' खाली एका साक्षीदाराची सही लागत होती. ती मी केली.