ताई स्पेशल

“थे कोपऱ्यातली ताई पाहून राह्यले ना तुमी? रोज ठेच्याचं सँडविच खाते. पाणीबी मांगत नाही.”

सँडविचवाले काका हे माझ्याबद्दल, माझ्यासमोरच, एका प्रवाशाला सांगत होते. तो अकोल्याच्या बसची वाट बघत दुकानात शिरला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे पाहिलं.

“एवढीशी पोरगी खाते, तं मले काय होते? द्या एक,” तो म्हणाला.

पाणी न मागण्याचं कारण साधं होतं. माठ दुकानाच्या त्या टोकाला आहे, मध्ये दोन बाकं माणसांनी भरलेली असतात, आणि प्रत्येकाला “जरा सरका” म्हणावं लागलं असतं.

मंगरूळपीरला स्टँडजवळ वर आमची अभ्यासिका आणि खाली हे दुकान आहे. अभ्यासिकेत बोलायला बंदी आहे, म्हणून मला ती मनापासून आवडते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मराठी बोललं की बाई रागवायच्या, बाहेर इंग्रजी बोललं की लोक हसायचे. गप्प बसलं की दोन्हीकडे निभायचं.

दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा जिन्यावरून वाक्य घोकत उतरले होते, ‘काका, एक चीज-कॉर्न द्या.’ नुसतं ‘द्या’ उद्धट वाटेल का, ‘द्याल का’ बरं, हे ठरेपर्यंत गल्ल्याशी पोचलेसुद्धा. पुढे आसेगावहून वांगी विकायला आलेला एक शेतकरी उभा होता. त्यानं रस्त्यावरूनच आरोळी दिली होती, “ठेचा मारा, डब्बल!” काकांनी त्याचं सँडविच भाजायला ठेवलं आणि मला विचारलं, “तुमालेबी तेच?”

वाक्य आत गेलं आणि मान हलली. वर-खाली.

दुसऱ्या कुठल्या दुकानात हे एका दिवसात निस्तरलं असतं. पण एकदा खाऊ घातलेल्या गिऱ्हाइकाला पुन्हा विचारायचं नाही, हा काकांचा बाणा आहे. चेहरा दिसला की हात चालू. शिरपूरला जाणाऱ्या एक जैन मावशी बस बदलायला इथे उतरतात. त्यांनी पायरीवर पाय ठेवायच्या आत काका कांद्याच्या डब्यावर झाकण घालतात. मावशी खूष होतात. एक निवृत्त सर येतात. ते दिसले की काका ओरडतात, “डबल बटर आलं!” सरांना डॉक्टरांनी बटर बंद केलं आहे. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण ते माझ्या शेजारी बसतात, काकांची पाठ वळली की चमच्यानं बटर खरडतात आणि कागदाच्या घडीत लपवतात. एकदा आमची नजरानजर झाली. मी माझे डोळे पुसले, त्यांनी त्यांचा चमचा पुसला.

माझ्यासाठी तर चेहराही लागत नाही. जिन्यावर माझ्या चपला वाजल्या की काका ठेचा लावायला घेतात. डावीकडून चावायचं, तोंडानं श्वास घ्यायचा, एवढं मी शिकले. डोळे लाल झाले की काका कौतुकानं म्हणतात, “लय अभ्यास करून राह्यली पोरगी.” आणि समोर कुणाच्या तरी चीज-कॉर्नमधून चीजची तार निघते, लांबते, लांबते आणि तुटते. तेव्हा मी पुस्तकाचं पान उलटते.

तर, प्रवाशाचं सँडविच झालं. त्यानं मोठा घास घेतला. आधी हसला. मग हसणं तसंच राहिलं आणि बाकीचा चेहरा बदलला. उचकी लागली.

“जीव घेता काय हो! हे सँडविच आहे का सजा?”

काकांना ते लागलं. “तिखट नाहीच ते! माह्या घरवालीनं सोताच्या हातानं कुटेल ठेचा आहे. तुमालेच सवय नाही.”

“म्हणे सवय! दुसरं कोणी खाते काय हे?”

“थे पाहा, खाऊन राह्यली ना!” काका माझ्याकडे वळले. “ताई, सांगा यायले. उद्या पेंटर येऊन राह्यला. मी तं बोर्डावरच लिहून घेतो, ‘ताई स्पेशल’. बिलकूल तिखट नाही ना?”

दोन्ही बाकं माझ्याकडे वळली. शेजारी बसलेल्या सरांचा चमचा बटरमध्येच थांबला. मला तो बोर्ड दिसायला लागला, लाल ऑइलपेंट, खाली दोन हिरव्या मिरच्या. रंग वाळला की संपलं. मी परीक्षा पास होऊन हे गाव सोडेपर्यंत माझ्या नशिबात ठेचाच होता, आणि माझ्या अभ्यासाचा वेग पाहता तो बराच खावा लागणार होता.

मान सवयीनं खाली निघालीच होती. मी हनुवटीला हात लावून ती धरली. प्रवाशानं उचकी दिली. काका वाट बघत हसत उभे होते.

“काका, लय तिखट आहे,” मी म्हणाले. “पहिल्या दिवसापासून लय तिखट आहे. मले चीज-कॉर्न पाहिजे होतं. अन् सरांना बटर नको असते, ते रोज खरडून काढतात.”