आबांच्या संजयचं रक्त

चहाचा घोट आधी गिळून टाका. मी घातलेला घोळ ऐकून ठसका लागतो, आणि मग हसल्याची लाजही वाटते!

गावात स्मार्टफोन नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. मी शिरूरचा. पुण्यातल्या एका वैद्यकीय संशोधन प्रकल्पात कामाला होतो. गावोगाव रक्ताचे नमुने घ्यायचे आणि पुण्याच्या सामायिक लॅबला पोचवायचे. सामायिक म्हणजे कसं, गावात मळणीयंत्र एकच, पण माल सगळ्यांचा. तसंच तिथं. महागडं मशीन एक, नमुने साऱ्या संस्थांचे. एका फेरीत शेकडो माणसांची जनुकं वाचून काढायचं!

वडगाव रासाईला आबा आणि काकू हे जोडपं होतं. त्यांचा थोरला विलास उसाला पाणी धरताना खाली बसला तो उठलाच नाही. ऐन लग्नाचं वय. त्याआधी आबांचा भाऊही असाच गेलेला. हृदयाचा आजार रक्तातून उतरत असावा, असा आमच्या डॉक्टर मॅडमना संशय आला. आता राहिला धाकटा संजय. तो दौंडला, रेल्वेच्या रुळांवर घण मारायला!

रक्त घ्यायला आम्ही आबांच्या घरी गेलो. आमच्या सिस्टरनी सुई काढली आणि हा घण मारणारा गडी पांढराफटक.

"आदी तुमी द्या," मला म्हणाला.

मी काय भितो? केला हात पुढं. मग त्यानं दिलं, आबा-काकूंनी दिलं. मी ऐटीत नळ्यांवर नावं चिकटवली, आणि माझी नळी कशाला हवी म्हणून टाकून दिली.

काही आठवड्यांनी मॅडमचा फोन.

"संजयमध्ये हृदयाच्या आजाराचा दोष सापडला नाही. पण त्याचा नमुना आबांशी जुळत नाहीये."

"बाप रे! म्हणजे काकू…"

"काकूंशीही जुळत नाही! काहीतरी गडबड आहे. दुसरा नमुना घ्या. आणि तिथं एक अक्षर बोलू नका."

बोलू नका म्हटल्यावर माझं तोंड कधी बंद राहिलंय का? वडगावला पोचेपर्यंत गाडीवरच मी केस सोडवली. दवाखान्यात बाळांची अदलाबदल!

"काकू, संजयच्या वेळचं बाळंतपण कुठं झालं?"

"दौंडला, दवाखान्यात. का वो?"

"तिथं आणखी बाया होत्या?"

"व्हत्या की. पन का?"

"सहज."

सहज म्हणे! आबांच्या हातातला कप तसाच राहिला. "सायेब, पोराचं रगात आमचं न्हाई का?"

तसं काही नाही, असं म्हणायचं होतं हो! मी नुसती मान खाली घातली.

काकू भिंतीला टेकून खाली सरकल्या. "एक गेला, आन् दुसरा माझा न्हाई?"

त्या घरात चूल पेटली नाही. संजय दौंडहून आला, तर काकू त्याचं नाक, कान चाचपत बसल्या. तो बिचारा मलाच विचारतोय, "मंग माझे आई-बाप कोन?"

आणि आबांचा विचार तर पुढंच पळाला. "म्हंजी आमचं खरं पोरगं दौंडात कुनाच्या तरी घरी हाय. त्यालाबी ह्यो रोग असंल, आन् त्याला ठावं न्हाई!"

झालं! आबा दौंडला, दवाखान्यालगतच्या रेल्वे कॉलनीत दारोदार. "तुमचं पोरगं कुटं जलमलं?" लोकांना वाटलं, म्हातारा स्थळ बघतोय. चहा पाजून पोरांच्या पत्रिका पुढं केल्या!

शेवटी सिस्टरना घेऊन दुसऱ्या नमुन्याला गेलो. संजय म्हणाला, "आदी तुमी, मागल्यावानी."

मी सवयीनं हात पुढं केला, आणि हात तसाच राहिला. मागल्यासारखा? मग मी त्या दिवशी फेकली ती नळी कुणाची? आणि संजयच्या नावानं लॅबला गेली ती?

दुसरा निकाल सांगायला, आणि नळ्यांची अदलाबदल कबूल करायलाही, मीच गेलो. "संजय तुमचाच आहे," म्हटल्यावर काकूंनी त्याला छातीशी धरलं, हसल्या, रडल्या. "माझाच हाय! माझाच!"

पुढचं मला दोनदा सांगावं लागलं. तो तुमचाच आहे, आणि आजारही तुमच्या घरातलाच आहे. काकूंचा हात त्याच्या पाठीवरून छातीवर आला आणि तिथंच थांबला.

घणाची ड्यूटी सुटली, गोळ्या सुरू झाल्या. संजय आजही आहे. काकू अजून त्याला एकट्याला रानात जाऊ देत नाहीत.

निकाल सांगितला त्या दिवशी आबा मला गाडीपर्यंत सोडायला आले.

"पयल्या बारीला ज्याचं काळीज ठणठणीत निघालं, ते तुमी व्हय?"

"होय, आबा."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मंग काळजाची चिंता न्हाई. त्या मशीनवर डोस्कं तपासत असतील, तर तेवढं बघून घ्या."