आधी पाय, मग तोंड

जळगाव स्टँडबाहेर चपला शिवणाऱ्या आबांनी मला वाचवलं. शाळा सोडून मी कोकणातून इथल्या डाळमिलमध्ये आलोय. पोलीस दिसला तरी मला घाम फुटतो. त्या दिवशी कुणीतरी बाईची पर्स हिसकावून पळालं आणि हवालदाराने मलाच धरलं.

"घाम बघ याचा! सिरियलमधले चोर असेच असतात."

आबा माणसाचे आधी पाय बघतात. माझ्या चपलेचा तुटका अंगठा सुतळीने बांधलेला होता.

"साहेब, अशी चप्पल घालीसन कोन पळस? चार पावलं चालाले लावा त्याले."

दुसऱ्याच पावलाला सुतळी सुटली, मी पडलो. हवालदार हसला, जा म्हणाला. आबांनी चपलेसाठी हात पुढे केला.

ते उन्हातच बसतात. एक दिवस मी त्यांच्यावर मोठी छत्री लावून देईन. तेव्हाही ते आधी माझे पायच बघतील.