रडारला न दिसणारं विमान

मळवलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या सरांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. बोलताना ते तळहात तिरका धरतात, विमानाच्या पंखासारखा. "ते विमान लपत नाही हो," ते म्हणतात, "रडारची लाट आली की तिरक्या पत्र्यावरून दुसरीकडे धाडतं. धारेवर आपटून लाटा कशा विखुरतात, याचं गणित कुणीतरी आधीच कागदावर मांडलं होतं. तेव्हा विमान त्याच्या मनातही नसेल."

सरांच्या पत्नी गेल्या वर्षी वारल्या. "जेवलात का?" असं विचारलं की सर विचारतात, "तुमची भातलावणी झाली का?" मग मी भाताचं सांगत बसतो.

परवा दुपारी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी फिरत होतो. धुकं इतकं दाट होतं की शेजारून चालणारे सर मधूनच नाहीसे होत. एकाएकी ते थांबले आणि न दिसणाऱ्या कातळाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं, ऐकलंस का?"

घरात ते बायकोला अशीच हाक मारायचे.

धुक्यातून हाक परत आली. सर ऐकत राहिले. "कातळ सरळ उभा आहे," ते हळूच म्हणाले, "आलेलं परत देतो."

"सर, जेवलात का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले.