भरल्या टाकीचा वास

ताईचं वय बेचाळीस, त्यातली वीस वर्षं गाड्यांखाली गेली. तरी नवीन गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात आलं की तिच्या खांद्यावरून आत डोकावतं आणि म्हणतं, "मेकॅनिकला बोलवा." "आलाय, बोला," असं म्हणून ती बॉनेट उघडते. पूर्वी तिला राग यायचा. आता रागवायला वेळ नसतो.

गॅरेज तिच्या वडिलांचं. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण साधा नट आवळतानाही ते समोरच्याला काहीतरी शिकवल्याशिवाय राहत नाहीत. मास्तरांचे नियम भिंतीवर लिहिलेले नाहीत, पण ते मोडायची कुणाची टाप नाही. त्यात सगळ्यात कडक पेट्रोलचा. गाडीत पेट्रोलचा वास येतोय म्हटलं की ती बाहेर अंगणात उभी करायची, टाकी तळाला जाईपर्यंत उपसायची आणि मगच आत घेऊन हात लावायचा. तरुणपणी त्यांनी शेजारचं गॅरेज पेटलेलं पाहिलं होतं, त्यामुळे या बाबतीत वाद घालायची सोय नव्हती.

नर्सबाईंच्या गाडीला हा नियम तीनदा लागला होता.

नर्सबाई नव्या बाळंतिणींच्या घरी जायच्या. बाळाचं वजन करायचं, आईचे टाके बघायचे, पाजता येत नसेल तर शेजारी बसून शिकवायचं. दिवसाला सहा घरं. गाडीत बसलं की काचा उघड्या ठेवूनही डोकं भणभणायचं, आणि सहाव्या घरी पोचेपर्यंत कपड्यांना असा दर्प चढायचा की विचारू नका. मास्तरांनी पाइप बदलले, टाकीचं झाकण बदललं, फिल्टर बदलला. दर वेळी वास गेला म्हणून गाडी दिली, आणि दर वेळी तो परत आला.

चौथ्यांदा, एका शनिवारी, बाई आल्या त्या खुर्चीवर बसल्याही नाहीत.

"मास्तर, मंगळवारी एका आजींनी मला उंबऱ्यावरच थांबवलं. म्हणाल्या, बाळाला हात लावू नका, आधीच खोकतंय. आणि त्यांचं काय चुकलं? येत्या आठवड्यात गाडी सुधारली नाही तर माझं फिरणं बंद. मला दवाखान्यात टेबलामागे बसवणार आहेत. अठरा वर्षं घरोघर जातेय हो मी. कागद भरत बसणं मला नाही जमायचं."

मास्तरांनी सवयीने उपसायचा पाइप उचलला. ताई मात्र बाईंकडे वळली.

"बाई, वास कुठल्या दिवशी येतो?"

"रोज."

"आज आला?"

बाईंनी आठवून पाहिलं. "आज तसा नाही. काल थोडासा होता. सोमवार-मंगळवारचं मात्र विचारू नका."

"सोमवारी काय करता?"

"काय करणार? सकाळी आठवडाभराची टाकी फुल करते आणि कामाला लागते."

ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाई सुट्टीचा दिवस म्हणून गाडी शनिवारी आणायच्या, तेव्हा टाकी आधीच अर्ध्याखाली. उरलंसुरलं बाबा उपसून टाकायचे. जो दोष टाकी भरल्यावरच दिसणार, तो त्यांनी तीन वेळा स्वतःच्या हाताने लपवला होता. टाकी भरलेली असतानाच हात घालणाऱ्या एखाद्या निष्काळजी मेकॅनिकला तो पहिल्याच दिवशी सापडला असता.

"बाबा, गाडी सोमवारी बघू. फुल टाकीने."

मास्तरांनी पाइप खाली ठेवला नाही. "भरलेली टाकी माझ्याकडे उघडायची नाही."

"उघडायची नाहीच. नुसती बघायची. अंगणात, बॅटरी काढून, आग विझवायचा सिलिंडर शेजारी ठेवून. उघडायची वेळ आली की तुम्ही म्हणाल तेवढी उपसू."

"आता तू मला शिकवणार?"

"हो," ताई म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी बाई पंपावरून थेट अंगणात आल्या. ताईने मागची सीट उचलली, खालचं पत्र्याचं झाकण काढलं. टाकीत पेट्रोल वर ढकलणारा पंप असतो, त्याच्या तोंडाशी रबराची रिंग. त्या रिंगेभोवतीची धूळ एका बाजूला ओली, काळी पडली होती. तिने ती पुसून कोरडी केली, खाली उतरली आणि दोन्ही हातांनी गाडी हलवली. ओल पुन्हा आली. टाकी अर्धी असती तर पेट्रोल तिथवर पोचलंच नसतं.

मास्तर जवळ येऊन वाकले. मागच्या वर्षी हा पंप त्यांनीच बदलला होता. पंप नवा घातला, पण रिंग चांगली दिसतेय म्हणून जुनीच परत बसवली. रबर एकदा पेट्रोल प्यायलं की फुगतं, परत नीट बसत नाही, हे ताईला शिकवलं होतं तेही त्यांनीच. दोघांनाही हे आठवलं. टाकी उपसली, ताईने जागा पुसून, कडेवरून बोट फिरवत नवी रिंग बसवली. मग टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरून गाडी चढावर उभी केली. तासाभराने तिने रिंगेभोवती बोट फिरवून पाहिलं. कोरडंठाक.

शनिवारी नर्सबाई आल्या तेव्हा गॅरेजमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

"आठवडाभर काचा बंद करून फिरले," त्या म्हणाल्या. "आणि त्या आजींनी परवा बाळ स्वतःहून माझ्या मांडीवर दिलं. माझी घरं माझ्याकडेच राहिली. मास्तर, तुमच्या हाताला गुण आहे."

दोन्ही गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. ताईने पुढच्या गाडीचं बॉनेट उघडलं. असली कौतुकं मास्तरांच्या नावावर जमा होताना तिने किती वेळा ऐकली असतील, तिलाही आठवत नव्हतं.

मास्तरांनी फडक्याला हात पुसले. "बाई, ती जुनी रिंग मीच बसवली होती. आणि तीनदा टाकी उपसून चूक झाकली तीही मीच. तुमची गाडी माझ्या मुलीने दुरुस्त केली." मग ते गिऱ्हाइकांकडे वळले. "वासाचं काम असेल तर हिला विचारा. मीही हिलाच विचारतो."

असं काही कधी कानावर पडलं तर आपली छाती फुगेल, असं ताईला वाटायचं. फुगली, पण स्वतःसाठी नाही. सत्तरीचा, सगळ्यांना शिकवत आलेला माणूस चार लोकांत आपली चूक आपल्या तोंडाने सांगतो आणि तो आपला बाप आहे, याचा तिला फार अभिमान वाटला. तिने समोरच्या गाडीच्या बॉनेटखाली मान घातली, आणि डोळे पुसून होईपर्यंत वर काढली नाही.